विमान सुटण्यापूर्वीचे चार तास सिंधुदुर्गात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टी संपलेली असते, खोली सकाळी दहाला सोडावी लागते आणि विमान मात्र दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी असते. चिपी, मोपा किंवा दाबोळी विमानतळावरून परतणाऱ्या बहुतेक प्रवाशांची शेवटच्या दिवशी हीच स्थिती असते. मधल्या मोकळ्या वेळाविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. अंतरे आणि लागणारा वेळ कोरड्या ऋतूतील साध्या दिवसाचा धरला आहे. पावसाळा आणि सणवार यांविषयी पुढे वेगळे लिहिले आहे.

प्रश्न: माझ्या तिकिटावर "गोवा" एवढेच ठळक दिसते. विमान नेमके कोठून सुटणार हे कसे ओळखावे?

बाकी सारे बेत या उत्तरावर अवलंबून असल्याने हे आधी पाहावे. गोव्यात आता दोन नागरी विमानतळ आहेत. वास्को शहरालगतचा दाबोळी हा जुना, नौदलाच्या तळावर असलेला विमानतळ असून त्याचे संकेताक्षर जीओआय असे आहे. पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, ५ जानेवारी २०२३ पासून तेथून नियमित उड्डाणे सुरू झाली आणि त्याचे संकेताक्षर जीओएक्स असे आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याचा स्वतःचा विमानतळ वेंगुर्ला तालुक्यात परुळ्याजवळ चिपी येथे आहे. तो ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला.

सावंतवाडीहून बांद्यामार्गे मोपा पाऊण ते एक तासावर आहे. दाबोळीसाठी मात्र त्याच सावंतवाडीहून अडीच तास हाताशी ठेवावे लागतात, कारण म्हापसा, पणजी आणि झुआरी नदी ओलांडून जावे लागते. म्हणजे मोपाच्या प्रवाशाला सावंतवाडीत निवांत जेवता येते, तर दाबोळीच्या प्रवाशाने तोपर्यंत पणजी गाठलेली असली पाहिजे. पुढील उत्तरे प्रामुख्याने चिपी आणि मोपा यांच्या प्रवाशांसाठी आहेत. दाबोळीहून जाणाऱ्याने मोकळा वेळ पणजीत किंवा वास्कोच्या परिसरात घालवावा आणि सिंधुदुर्गातील स्थळे आदल्या दिवशी पाहून घ्यावीत.

प्रश्न: हाताशी किती वेळ आहे, याचा हिशेब कसा करावा?

विमानाच्या वेळेपासून मागे मोजत यावे. देशांतर्गत उड्डाणाची सामान घेण्याची खिडकी साधारणपणे सुटण्याच्या ४५ ते ६० मिनिटे आधी बंद होते, म्हणून विमानतळावर किमान पावणेदोन तास आधी पोहोचण्याचा बेत करावा. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास धरावेत. त्यातून रस्त्याचा वेळ वजा करावा आणि त्या वेळात आणखी अर्धा तास घालावा. हा अर्धा तास काढून टाकण्याचा मोह प्रत्येकाला होतो, पण कोकणातील रस्त्यावर तो कोठे ना कोठे खर्ची पडतोच. अरुंद रस्त्यावर समोरून येणारी एसटी, जांभ्या दगडाने भरलेला ट्रक, गुरांचा कळप किंवा देवाची पालखी यांपैकी काहीतरी भेटतेच.

उदाहरणार्थ, चिपीहून विमान दुपारी चार वाजता आहे आणि आपण मालवणात आहात. विमानतळावर सव्वादोनला पोहोचायचे, रस्त्याला सुमारे एक तास, त्यावर अर्धा तास जादा, म्हणजे मालवणची सीमा पाऊण वाजता सोडायची. जेवण त्याआधी उरकायचे असेल तर पावणेबाराला पानावर बसायला हवे. सकाळी साडेआठला खोली सोडली तर पाहण्यासाठी उरतात ते जेमतेम तीन तास. कागदावर सात-आठ तास दिसणारा मोकळा वेळ प्रत्यक्षात एवढाच असतो, आणि त्यात एकच गाव नीट पाहून होते.

नकाशावरील सरळ रेषेवर विसंबून राहू नये. देवबागच्या टोकावर, जेथे कर्ली नदी समुद्राला मिळते तेथे उभे राहिले की पलीकडे भोगव्याचा किनारा हाकेच्या अंतरावर दिसतो आणि त्याच बाजूला चिपीही आहे. गाडीने मात्र खाडीला मोठा वळसा घालून, नदी आतल्या बाजूला ओलांडूनच तेथे जावे लागते. सिंधुदुर्गातील खाड्यांनी असे अनेकांचे हिशेब चुकवले आहेत.

प्रश्न: चार तासांत सिंधुदुर्ग किल्ला पाहून होतो का?

होतो, मात्र त्या दिवशी दुसरे काही पाहायचे नाही असे ठरवले तरच. मालवणच्या धक्क्यावरून होड्या सुटतात. होडी भरेपर्यंत थांबावे लागते, आणि साधारणतः त्याच होडीने ठरावीक वेळाने परत यायचे असते. किल्ल्यात सुमारे तासभर मिळतो. थांबणे, जाणे, पाहणे आणि येणे मिळून धक्क्यापासून धक्क्यापर्यंत अडीच तास धरावेत. सकाळची पहिली किंवा दुसरी होडी मिळाली तर गर्दी कमी असते आणि ऊनही सोसवते.

एका तासात काय पाहावे, हे आधी ठरवून गेलेले बरे. कुरटे बेटावरील या किल्ल्याची पायाभरणी शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी केली. बांधकामाची जबाबदारी हिरोजी इंदुलकरांकडे होती. सुमारे ४८ एकरांच्या बेटाभोवती नागमोडी वळणे घेत जाणारा तट सुमारे तीन किलोमीटर लांबीचा आहे आणि त्याच्या पायाचे दगड शिशाचा रस ओतून पक्के केले होते. तो सगळा तट फिरण्याचा हट्ट धरला तर होडी चुकेल. महादरवाजा दोन बुरुजांच्या वळणात असा लपवला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. म्हणून होडीतून जातानाच तिकडे लक्ष ठेवावे. आत गेल्यावर महाराजांच्या हातापायाचे ठसे मानले जाणाऱ्या जागा, राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेले शिवराजेश्वर मंदिर आणि चहूबाजूंनी खारे पाणी असताना गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी पाहाव्यात. वेळ उरला तर तटाच्या एखाद्या जिन्याने वर चढून पश्चिमेकडचा समुद्र पाहावा. किल्ल्यात काही कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांच्या अंगणात शिरून छायाचित्रे काढू नयेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये सिंधुदुर्गाचा समावेश आहे. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी होड्यांची रांग पूर्वीपेक्षा लांब असेल असे गृहीत धरावे.

समुद्र खवळलेला असेल तर होड्या अचानक थांबवल्या जातात. किल्ल्यात असताना तसे झाले तर आपल्या विमानासाठी कोणी होडी सोडणार नाही, आणि सोडूही नये. वारा सुटल्याचे धक्क्यावरच जाणवत असेल तर बेत बदलावा.

प्रश्न: होडीत न बसता मालवणात काय पाहता येईल?

दोन तास सहज जातात. धक्क्यावरून किल्ल्याचा तट छान दिसतो. तेथून जवळच राजकोटाचा परिसर आहे. रॉक गार्डनच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी पाण्याची लहान डबकी साचतात आणि त्यांत लहानग्यांना खेकडे, शंख शोधता येतात. चिवल्याचा किनारा गावालगत असून फारसा पसरलेला नाही, त्यामुळे तेथून गाडीपर्यंत परत यायला वेळ जात नाही. मेढ्यातील जय गणेश मंदिरात दहा मिनिटांत दर्शन होते. तारकर्ली आणि देवबाग मात्र या बेतात बसवू नयेत. त्या अरुंद रस्त्यावर समोरासमोर दोन मोठ्या गाड्या आल्या की मागे-पुढे करण्यात पुष्कळ वेळ मोडतो.

प्रश्न: विमान संध्याकाळचे आहे. सकाळी स्कूबा डायव्हिंग करून निघालो तर चालेल का?

नाही. या पृष्ठावरील सर्वांत ठाम उत्तर हेच आहे. पाण्याखाली दाबाखालची हवा श्वासावाटे घेताना तिच्यातील नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या ऊतींत नेहमीपेक्षा अधिक विरघळतो. पाण्याबाहेर आल्यावर तो हळूहळू, काही तास, बाहेर पडत राहतो. विमानाच्या आतील हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो, सुमारे आठ हजार फूट उंचीवरील डोंगरात असावा तितका. शरीरात नायट्रोजन शिल्लक असताना त्या कमी दाबात गेले की त्याचे बुडबुडे होऊ शकतात आणि सांधेदुखी, बधिरपणा, चक्कर येथपासून गंभीर आजारापर्यंत काहीही होऊ शकते. डायव्हिंग करणाऱ्यांच्या सुरक्षिततेविषयीचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन असे सांगते की एकदाच पाण्यात उतरला असाल तर विमानापूर्वी किमान बारा तास, आणि एकापेक्षा अधिक वेळा किंवा अनेक दिवस उतरला असाल तर किमान अठरा तास जाऊ द्यावेत.

"आम्ही फार खोल जात नाही" असे किनाऱ्यावर सांगितले जाते, आणि नवशिक्यांना खरोखरच उथळ पाण्यात नेतात. तरीही हा नियम उथळ पाण्यासाठी सैल करू नये. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे डायव्हिंग आदल्या दिवशी सकाळी उरकणे. तोंडात नळी धरून पाण्याच्या पृष्ठभागावरूनच पाहण्याच्या स्नॉर्केलिंगला ही अट लागू नाही. मात्र ओले कपडे, वाळू आणि थकवा घेऊन विमानतळावर जायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

प्रश्न: मोपाहून विमान आहे. सावंतवाडी की वेंगुर्ला?

सावंतवाडी. वेंगुर्ला अधिक देखणे असेलही, परंतु तेथून मोपाला जाणारा रस्ता गावागावांतून जातो आणि सावंतवाडीहून जाणारा बराचसा महामार्गावरून. शिवाय सावंतवाडीत पाहण्यासारखे जे आहे ते मोती तलावाच्या भोवती, पायी फिरता येईल इतक्या परिघात आहे. गाडी एकदा लावली की जेवण होईपर्यंत हलवावी लागत नाही. शेवटच्या दिवशी ही फार मोठी सोय असते.

तलावाकाठच्या राजवाड्यापासून सुरुवात करावी. सावंत-भोसले घराण्याच्या या वाड्यात आजही गंजिफा हाताने रंगवल्या जातात आणि कारागीर काम करताना पाहता येतात. गंजिफा म्हणजे खेळण्याचे गोल पत्ते. दशावतारी संचात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग असतात, प्रत्येकी बारा पाने, म्हणजे एकूण १२० पत्ते. गेल्या शतकात ही कला लोप पावण्याच्या बेतात असताना शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी तिला आश्रय दिला आणि नव्या पिढीला शिकवून ती टिकवली. पूर्ण संच महाग असतो, आणि तो महाग असणे योग्यच आहे. एवढा खर्च करायचा नसेल तर सुटी पाने किंवा त्याच शैलीत रंगवलेल्या लहान वस्तू मिळतात.

वाड्यातून बाहेर पडल्यावर चितारआळीत जावे. येथे लाकडी खेळण्यांची दुकाने एकाला एक लागून आहेत. लाकडाची आणि लाखकामाची केळी, आंबे, फणस यांची फळे, भातुकलीचे संच, पाट, पाळण्यावर टांगायची खेळणी असे सारे येथे मिळते. फळांच्या परडीकडे सर्वांचे लक्ष आधी जाते. भातुकलीचा संच सामानात कमी जागा घेतो आणि जास्त वर्षे टिकतो, एवढे सुचवावेसे वाटते. घासाघीस फार करू नये.

एक काळजी घ्यावी. कोकणातील लहान गावांची बाजारपेठ दुपारी जेवणानंतर मिटते आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडते. राजवाड्याच्या वेळाही आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्याव्यात. सकाळी दहा ते एक हा सावंतवाडीचा खरा वेळ आहे. विमान रात्रीचे असेल तर संध्याकाळी साडेचारनंतरचा वेळही चांगला, कारण तेव्हा तलावाकाठी गावकरी फिरायला आलेले असतात.

आंबोलीचे नाव या प्रश्नात हमखास निघते. सावंतवाडीपासून आंबोली सुमारे तीस किलोमीटरवर आहे, पण त्यातील बरेच अंतर घाटाचे आहे आणि विमानाच्या दिवशी तेथे जाऊ नये.

प्रश्न: वेंगुर्ल्यातच मुक्काम असेल तर?

मग निघण्यापूर्वीचा सकाळचा वेळ गावातच घालवावा. बंदरावर जाऊन दीपगृहाच्या बाजूने समुद्र पाहावा आणि मासळी बाजारात एक फेरी मारावी. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी येथे वखार उभारली होती. तिचे भग्नावशेष गावात आहेत. फार काही शिल्लक नाही, पण हे लहान बंदर एके काळी कोणत्या व्यापाराच्या वाटेवर होते याची कल्पना येते. फळबागांत रस असलेल्यांनी कोकण कृषी विद्यापीठाच्या येथील फळ संशोधन केंद्राची रोपवाटिका पाहावी. काजूच्या "वेंगुर्ला" नावाच्या सर्व प्रसिद्ध जाती या केंद्राने दिल्या आहेत. कलम मात्र विमानातून नेण्याचा विचार करू नये.

मोपाकडे किनाऱ्याच्या रस्त्याने जायचे ठरवले तर वाटेत आरवलीचा वेतोबा, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे इतिहासात गेलेले शिरोडा आणि रेडीचा गणपती लागतात. तिन्ही ठिकाणी थांबलात तर उशीर होईल. एकच निवडायचे असेल तर आरवली निवडावी. गावाच्या रक्षणासाठी रात्री फिरणाऱ्या वेतोबाच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा असल्याने भाविकांनी वाहिलेल्या भल्यामोठ्या चामडी चपला तेथे मांडलेल्या असतात. तेरेखोल खाडी फेरीबोटीने ओलांडण्याचा बेत विमानाच्या दिवशी नको.

प्रश्न: चिपीला पोहोचायला दोनच तास आहेत. विमानतळाच्या आसपास काही आहे का?

आहे, आणि बहुतेक प्रवासी ते न पाहताच निघून जातात. परुळ्यात श्री देव आदिनारायणाचे, म्हणजे सूर्याचे, मंदिर आहे. कोकणात सूर्याची मंदिरे मोजकीच आहेत. जवळच भोगव्याचा लांबसडक किनारा आणि निवतीचा लहान किल्ला आहे. निवतीच्या किल्ल्यावर चढायला फार वेळ लागत नाही आणि वरून दोन्ही बाजूंचे किनारे एकदम दिसतात. दोन तासांत मंदिर आणि भोगवे, किंवा फक्त निवती, असे करावे.

प्रश्न: कुडाळहून किंवा मालवणहून चिपीला येताना वाटेत कोठे थांबावे?

मालवणहून येताना धामापूरचा तलाव सर्वांत सोयीचा. भगवती मंदिराच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. १५३० साली बांधलेला हा तलाव आजही गावाची शेती-बागायत भिजवतो आणि २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता मिळाली. अर्ध्या तासात मन भरते. त्याच परिसरात, नदीच्या दुसऱ्या बाजूला, वालावलचे लक्ष्मीनारायण मंदिर आहे. त्याच्याही मागे तलाव आहे आणि सभामंडपातील लाकडी कोरीवकाम पाहण्यासारखे आहे.

कुडाळहून येणाऱ्यांनी पिंगुळीला थांबावे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवून कथा सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली आहे. या कार्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कुटुंबाने उभारलेल्या लहानशा संग्रहालयात जुन्या पोथ्यांतील चित्रे आणि बाहुल्या पाहायला मिळतात. अगोदर फोन करून गेल्यास कोणीतरी समजावून सांगायला असते, आणि समजावून सांगणारे असेल तरच ही चित्रे खरी कळतात.

प्रश्न: सामान कोठे ठेवावे?

महानगरांतल्यासारखी सामान ठेवून घेणारी दुकाने या भागात नाहीत. ज्या घरगुती निवासात किंवा हॉटेलात राहिलात तेथेच विनंती करावी. खोली सोडल्यावर दुपारपर्यंत बॅगा ओसरीवर ठेवू द्यायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. मात्र त्यासाठी परत त्याच गावात यावे लागेल, हे हिशेबात धरावे. दुसरा मार्ग म्हणजे दिवसभरासाठी गाडी ठरवून सामान तिच्यातच ठेवणे. रोकड, दागिने, लॅपटॉप आणि ओळखपत्र स्वतःजवळ असावे. उन्हात उभ्या गाडीत पॉवर बँक ठेवू नये.

प्रश्न: एसटीने किंवा रिक्षाने हे सारे जमेल का?

गावागावांत फिरण्यासाठी जमेल. मालवण, कुडाळ, सावंतवाडी आणि वेंगुर्ला येथे एसटीची आगारे आहेत आणि रिक्षा मुबलक आहेत. विमानतळापर्यंतचा शेवटचा टप्पा मात्र आधी ठरवलेल्या गाडीनेच करावा. चालकाला गाडीत बसण्याच्या वेळेऐवजी विमानाची वेळ सांगावी. स्थानिक चालक मग स्वतःच निघण्याची घाई करतो, आणि त्याचा अंदाज मोबाइलवरील नकाशापेक्षा अधिक विश्वासार्ह असतो. कोकण रेल्वेचे सावंतवाडी रोड स्थानक शहरात नसून मळगावला आहे, हेही रेल्वेने येऊन विमानाने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

प्रश्न: जेवण कोठे आणि केव्हा घ्यावे?

गावात आणि लवकर. माशांचे ताट मागवल्यावर चांगल्या खानावळीत तळण ताजे होते, त्याला वेळ लागतो. दुपारी एकनंतर जागेसाठीही थांबावे लागते. पावणेबारा-बाराला बसलात तर सुरमई किंवा बांगडा, तिसऱ्यांचे सुके, भात आणि सोलकढी शांतपणे खाता येते. कोंबडी-वडे हे अधिक जड जेवण आहे. ज्यांना विमानात मळमळते त्यांनी ते आदल्या रात्री खावे. शाकाहारी लोकांसाठी काळ्या वाटाण्याची आमटी, आंबोळी, घावणे आणि हंगामात फणसाची भाजी असते, पण ती फलकावर लिहिलेली नसेल तर विचारावी लागते. चिपी विमानतळावर खाण्याच्या सोयी मर्यादित असल्याने उपाशी पोटी तेथे जाऊ नये.

प्रश्न: पावसाळ्यात हे बेत लागू पडतात का?

समुद्राशी संबंधित काहीही लागू पडत नाही. जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि जलक्रीडा बंद असतात. यांत्रिक मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्यामुळे ताज्या मोठ्या माशाची अपेक्षाही तेव्हा कमी ठेवावी. तरीही मोकळा वेळ वाया जात नाही. धामापूर, वालावल, पिंगुळी आणि सावंतवाडीचा राजवाडा ही स्थळे पावसातही पाहता येतात, किंबहुना धामापूर पावसातच सर्वांत सुंदर दिसते. रस्त्याचा वेळ मात्र सरळ दीडपट धरावा. ढग खाली उतरले की उड्डाणे उशिरा होतात किंवा वळवली जातात, म्हणून सकाळपासूनच विमान कंपनीचे संदेश पाहत राहावे.

प्रश्न: गणपतीत आणि हिवाळ्यातील जत्रांच्या दिवसांत?

गणपतीच्या दिवसांत मुंबई-पुण्याहून आलेल्या चाकरमान्यांच्या गाड्यांनी महामार्ग आणि गावांचे रस्ते भरलेले असतात. विसर्जनाच्या दिवशी मिरवणूक पुढे असेल तर तिच्या मागे थांबण्यावाचून पर्याय नसतो. त्या दिवशी स्थळदर्शन टाळून थेट विमानतळाजवळ जावे. हिवाळ्यात गावोगाव जत्रा असतात आणि तेथे दशावतारी नाटक होते. ते रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत असल्याने सकाळच्या विमानाआधी ते पाहण्याचे धाडस झोपेची पर्वा नसलेल्यांनीच करावे.

प्रश्न: खरेदी केलेले काय विमानात नेता येते?

सर्वांत जास्त घोळ सुक्या खोबऱ्यावरून होतो. सुके खोबरे तेलकट असते आणि स्वतःहून तापून पेटू शकणाऱ्या पदार्थांत त्याची गणना होते, म्हणून ते हातातील आणि नोंदवलेल्या अशा दोन्ही सामानांत अडवले जाते. घरच्या वाडीतल्या खोबऱ्याच्या वाट्या तपासणीपाशी काढून ठेवाव्या लागल्या की वाईट वाटते. त्या टपालाने किंवा रेल्वेने येणाऱ्या नातेवाइकाबरोबर पाठवाव्यात.

मालवणी मसाला, कोकमाचे आगळ, लोणची आणि आमरसाचे डबे नोंदवलेल्या सामानात ठेवावेत. आगळाची बाटली दोन पिशव्यांत बांधावी, कारण त्याचा डाग कपड्यांवरून जात नाही. सुकी मासळी हवाबंद नसेल तर वासामुळे ती नाकारली जाऊ शकते. विळी, खवणी, अडकित्ता आणि कोयती हातातील सामानात कधीही चालत नाहीत. काजू, खाजा, आमसुले, लाकडी खेळणी आणि गंजिफा यांना अडचण नसते. पॉवर बँक नेमकी उलटी, ती हातातील सामानातच हवी. चिपीहून लहान विमाने उडतात आणि त्यांतील सामानाची मर्यादा कमी असू शकते, म्हणून आंब्याच्या पेटीचे वजन आधी करून घ्यावे.

गोव्यातून आणलेल्या मद्याविषयी वेगळी सूचना द्यावी लागते. २४ ते ७० टक्के मद्यार्काच्या मूळ सीलबंद बाटल्या दर प्रवाशी एकूण पाच लिटरपर्यंत नोंदवलेल्या सामानातून नेता येतात, हा विमानाचा नियम झाला. त्याच बाटल्या गाडीत घेऊन गोव्याची हद्द ओलांडून सावंतवाडीकडे येणे हा महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क कायद्याचा प्रश्न आहे, आणि इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात. मोपाहून जाणाऱ्याने ही खरेदी करायचीच असेल तर सावंतवाडी पाहून, हद्द ओलांडून झाल्यावर करावी.

प्रश्न: बरोबर वृद्ध आई-वडील आहेत. त्यांना काय झेपेल?

सावंतवाडी आणि धामापूर. तलावाकाठी सावलीत बसायला जागा असते आणि गाडी जवळ लावता येते. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचे म्हणजे हलत्या होडीत चढणे-उतरणे आणि उन्हात खडबडीत वाटेने चालणे आले. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना विमानाच्या दिवशी तेथे नेऊ नये.

प्रश्न: विमान रद्द झाल्याचा संदेश फिरताना आला तर?

आधी आपण कोठे आहात ते पाहावे, मग निर्णय घ्यावा. चिपीहून उड्डाणे मोजकी असल्याने त्याच दिवशी दुसरे विमान मिळण्याची शक्यता कमी असते. कंपनीकडे परतावा किंवा पर्यायी तिकीट यांपैकी काय हवे ते लगेच, फोनवर किंवा तिच्या अ‍ॅपवर, नोंदवावे आणि मिळालेला संदेश जपून ठेवावा. कुडाळ किंवा सावंतवाडी परिसरात असाल तर मोपाहून त्याच संध्याकाळी सुटणारे विमान शोधावे. त्या विमानतळावरून उड्डाणे कितीतरी अधिक आहेत आणि कुडाळहून तेथे दीड-पावणेदोन तासांत पोहोचता येते. मालवणात असाल तर आधी कुडाळकडे निघावे, कारण कुडाळ हे रेल्वे आणि महामार्ग दोन्हींवर आहे आणि तेथून रात्रीच्या मुंबई गाड्या किंवा खासगी बस मिळू शकतात. गाडीचालकाला तोपर्यंत सोडू नये.